दोन्ही टाचा एकदम: बासष्टाव्या वर्षी साताऱ्याचा घाट पळताना

ही हकिकत साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव ठेवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्यांच्या उपचाराची, पुढे सरावाचीही आखणी माझ्याकडे होती.

पार्श्वभूमी

बाई अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पळायला लागल्या. आधी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत चालणं, मग अजिंक्यताऱ्याचा रस्ता, मग हळूहळू पळणं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्या दरवर्षी पळत. शर्यत २१ किलोमीटरची. शहरातून बाहेर पडायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि आल्या वाटेनं खाली उतरायचं. सप्टेंबरात कधी पाऊस असतो, कधी दाट धुकं. बाई हौसेखातर पळणाऱ्यांतल्या नाहीत. आपल्या वयोगटात पहिल्या तिघींत यायचं ठरवूनच त्या उतरतात आणि बऱ्याचदा येतातही.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांची वेळ होती २ तास १२ मिनिटं, साठाव्या वर्षी २ तास २१ मिनिटं आणि एकसष्टाव्या वर्षी २ तास २७ मिनिटं. त्या वर्षी त्या तिसऱ्या आल्या होत्या. साठीनंतर वेळ जास्त झपाट्यानं वाढते हे जगभरच्या ज्येष्ठ धावपटूंच्या नोंदींत दिसतं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटते, हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा खाली येते, स्नायू कमी होतात. बाईंना हे सगळं माहीत होतं, पण मान्य नव्हतं. फेब्रुवारीपासून त्यांनी आठवड्यातून एकदा वेगाचा सराव सुरू केला. हे इथे सांगायचं कारण, पुढे सगळ्यांचं बोट आधी या सरावाकडेच गेलं.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर टाचेच्या मागे ताठरपणा जाणवू लागला. पहिली दहा-पंधरा पावलं लंगडत टाकावी लागत. आठवडाभरात जिना उतरतानाही दुखू लागलं. दुखणं दोन्ही पायांना होतं आणि सुरुवातही एकदमच झाली होती.

एका ठिकाणी एक्स-रे काढला. टाचेचं हाड वाढलंय असं निघालं. मऊ टाचपट्टी, वेदनाशामक गोळ्या, तीन आठवडे विश्रांती, आणि सोबत सल्ला: आता वय झालं, पळणं कमी करा. घरच्यांचंही तेच म्हणणं. मे महिन्याच्या मध्यावर बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी स्वतःही ते मान्य केल्यासारखं होतं. "वयाचंच असेल गं. वेगाचा सराव करायला नको होता."

मला ते पटेना. पन्नाशीपुढच्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतं आणि त्यांतल्या अनेकांना काहीच दुखत नसतं. शिवाय बाईंचं दुखणं तळव्याकडे नव्हतं. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर, अकिलीस कंडरेच्या, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीच्या मधल्या भागात होतं. आणि आठवड्यातून एकदा, तेही मैदानावर केलेल्या वेगाच्या सरावानं दोन्ही कंडरा एकाच आठवड्यात बिघडाव्यात? जास्त ताणानं होणारी दुखापत बहुधा एका पायात सुरू होते. वयामुळे कंडरा कमी लवचीक होते, सावरायला वेळ घेते. पण ‘वय झालं’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं थांबतं, आणि इथे नेमकं तेच झालं होतं.

निदान

औषधांबद्दल विचारल्यावर बाई म्हणाल्या, "बीपीची एक गोळी. बाकी काही नाही." पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येक धावपटूला मी गेल्या सहा महिन्यांतल्या चिठ्ठ्या आणायला सांगते. दुसऱ्या दिवशी सर, म्हणजे बाईंचे यजमान, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आले. त्यात मार्च अखेरची एक चिठ्ठी होती. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन. बाईंच्या लेखी ते औषध नव्हतंच. ताप आला, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, विषय संपला.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही एकाच गटातली प्रतिजैविकं. आपल्याकडे लघवीच्या संसर्गापासून जुलाबापर्यंत ती सर्रास दिली जातात. जुलाबाच्या कित्येक जोडगोळ्यांत ऑफ्लॉक्सासिन असतंच. या गटानं कंडरेला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ मध्ये या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. धोका जास्त कुणाला, तर साठीपुढच्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना. सगळ्यांत जास्त त्रास अकिलीस कंडरेलाच होतो आणि बऱ्याच रुग्णांत दोन्ही पायांना. दुखणं औषध घेताना सुरू होऊ शकतं, तसंच कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी, अगदी महिन्यांनीही.

औषध देणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. संसर्गावर उपचार हवाच होता. समोरची बासष्ट वर्षांची बाई आठवड्याला चाळीस किलोमीटर पळते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

सोनोग्राफीत दोन्ही कंडरा जाड झालेल्या दिसल्या, फाटलेलं काही नव्हतं. कारण शंभर टक्के तेच होतं असं सिद्ध करता येत नाही. वेगाच्या सरावाचाही थोडा हात असेल. पण वेळेचा मेळ, दोन्ही पाय आणि वय पाहून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच धरून चालायचं ठरवलं आणि फाइलवर हा गट टाळावा अशी नोंद केली.

समोरचे पर्याय

शर्यतीला सतरा आठवडे होते. नोंदणी आधीच झालेली.

इंजेक्शनचा पर्याय बाईंनीच काढला. ओळखीतल्या कुणालातरी टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन चार दिवसांत बरं वाटलं होतं. अकिलीसच्या आसपास स्टिरॉइड दिल्यानं कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, आणि इथे तर ती आधीच एका औषधानं नाजूक झालेली. यावर चर्चेला जागाच नव्हती.

पूर्ण विश्रांती आणि यंदाची शर्यत रद्द, हा घरच्यांचा कल. पण कंडरेला नुसती विश्रांती दिली तर दुखणं कमी होतं आणि ताकदही कमी होते. पुन्हा पळायला लागलं की दुखणं परत येतं.

मला स्वतःला साताऱ्याऐवजी जानेवारीतली मुंबईची अर्धमॅरेथॉन बरी वाटत होती. हाताशी आणखी चार महिने मिळाले असते, रस्ता बराचसा सपाट, पेडर रोडचा चढ सोडला तर कंडरेची परीक्षा पाहणारं फारसं काही नाही. चढावर टाच खाली दबते, कंडरा जास्त ताणली जाते. साताऱ्याच्या शर्यतीचा पहिला अर्धा भाग म्हणजे नेमकं तेच.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मुंबईला जाईनही. पण माझ्या दारावरून शर्यत जाणार आणि मी गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवणार, हे मला सांगू नकोस. कसं पळायचं ते सांग."

शेवटी अटींवर तयारी करायची ठरली. १५ ऑगस्टला तीन कसोट्या: एका पायावर टाच उचलणं, प्रत्येक पायाने पंधरा वेळा, सकाळचं दुखणं दहापैकी दोनच्या आत, आणि सपाट रस्त्यावर १४ किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी त्रास न वाढणं. तिन्ही जमल्या तर शर्यत, नाहीतर मुंबई.

काय केलं

स्वीडनचे डॉक्टर हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला पायरीच्या कडेवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम, पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, आजही सर्वत्र वापरला जातो. पण औषधानं बिघडलेल्या कंडरेवर पहिल्याच दिवशी तेवढा भार टाकायचं धाडस मी केलं नाही. पहिले तीन आठवडे टाच अर्धी उचलून पंचेचाळीस सेकंद धरून ठेवायची, एवढंच. दम टिकवायला स्थिर सायकल आणि तलावात खोल पाण्यात पळणं. बुटात टाचेखाली छोटी उंची, म्हणजे कंडरेवरचा ताण हलका. जूनच्या मध्यापासून सावकाश, जड वजनानं टाच उचलणं, आठवड्यातून तीन दिवस. जिममध्ये सगळी कॉलेजची पोरं, त्यांत बाई खांद्यावर वजन घेऊन उभ्या. दोन आठवड्यांत ती पोरं त्यांच्यासाठी मशीन मोकळं करून द्यायला लागली.

पळणं सुरू केलं क्रीडा संकुलाच्या सपाट मैदानावर, मिनिटभर पळणं आणि दोन मिनिटं चालणं. लागोपाठ दोन दिवस पळायचं नाही हा नियम. भार दिल्यानंतरचा साधारण दीड दिवस कंडरेत झीज जास्त आणि बांधणी कमी असते. त्या काळात पुन्हा पळलं तर जमा काहीच होत नाही. पंचविशीत हे खपून जातं, बासष्टीत जात नाही.

वेदनेचा हिशेबही ठरवला. पळताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. बाईंनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली आणि रोज सकाळी आकडा भरला. मला सगळ्यांत जास्त उपयोग त्या वहीचाच झाला.

जुलैच्या मध्यावर पाऊस थांबलेल्या एका सकाळी बाई पळणाऱ्यांच्या गटाबरोबर थेट यवतेश्वरपर्यंत चढून आल्या. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वहीत सहा आकडा. इथे पुन्हा निर्णय घ्यायचा होता. घरचे म्हणाले, आता पुरे. पण सहाचा आकडा तीन दिवसांत दोनवर आला, म्हणजे नवी इजा नव्हती, नुसता भडका होता. आम्ही आठवडाभर मागच्या टप्प्यावर गेलो आणि तिथून पुन्हा चढलो. त्यानंतर घाट पूर्ण बंद केला. तेव्हा तो निर्णय मला अगदी निर्विवाद वाटला. त्याकडे पुढे येतेच.

मग श्रावण आला. बाई सोमवार आणि शनिवार धरतात, आणि लांब पळणं रविवारी. म्हणजे दिवसभर साबुदाणा आणि भगर खाऊन दुसऱ्या दिवशी बारा-चौदा किलोमीटर. या वयात स्नायू टिकवायला तरुणांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम धरलं तर बाईंच्या ५२ किलोला ६० ग्रॅमच्या पुढे, आणि तीही तिन्ही जेवणांत वाटून. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नसतं. उपवास सोडा असं मी सांगितलं नाही, सांगायचा मला अधिकारही नाही. त्या निवृत्त आहेत, रविवारचा हट्ट कशाला? लांब पळणं गुरुवारी नेलं. उपवासाला राजगिरा, दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्याची आमटी आली. एवढ्यानं काम झालं.

१५ ऑगस्ट

१४ किलोमीटर झाले, दुसऱ्या सकाळी आकडा एक. दोन कसोट्या पार. टाच उचलण्यात डावा पाय सोळा, उजवा बारा.

या प्रकरणातला सगळ्यांत अवघड दिवस हाच. ठरल्याप्रमाणे उत्तर ‘नाही’ होतं. पण बाराव्या वेळेला बाई दुखतंय म्हणून थांबल्या नव्हत्या, पोटरी थकली म्हणून थांबल्या होत्या. कसोटी कशासाठी लावली होती? कंडरा भार सोसते का, हे पाहायला. ती सोसत होती. पोटरी मात्र घाट सलग पळण्याएवढी तयार नव्हती. बराच वेळ बोलून ठरलं की शर्यतीत उतरायचं, पण चढावर चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट भरभर चालणं, पहिल्या वळणापासूनच. दुखणं चारवर गेलं की वळण्याच्या जागेपर्यंत चालायचं आणि तिथे शर्यत सोडायची. सर दुचाकीवर शक्य तितके वरच्या बाजूला थांबणार.

बाईंना चालणं जड गेलं. आयुष्यात त्या घाटात शर्यतीच्या दिवशी कधी चालल्या नव्हत्या.

शर्यतीचा दिवस

हवा थंड, यवतेश्वरच्या वर धुकं. समर्थ मंदिर मागे पडून घाट लागला तसं बाईंनी घड्याळाच्या शिट्टीवर चालायला सुरुवात केली. ओळखीचे लोक पुढे जाताना "बाई, चला!" म्हणत होते. त्यांनी योजना मोडली नाही. वळणाच्या जागी १ तास २९ मिनिटं झाली होती, मागच्या वर्षीपेक्षा दहा मिनिटं जास्त. दुखणं दोन.

जाण्यायेण्याचा रस्ता एकच असल्यानं समोरून उतरणाऱ्या दिसतात. बाईंनी आपल्या वयाच्या चौघी मोजल्या होत्या. चौथी थोडीच पुढे होती, तिसरीही फार लांब नव्हती. उतार हा बाईंचा हुकमी एक्का. मागच्या वर्षी त्यांनी तो १ तास ८ मिनिटांत उतरला होता. उतारावर कंडरेवर चढाइतका ताण येत नाही, म्हणून तिथे मी त्यांना मोकळीक दिली होती. त्या पहिले दोन किलोमीटर राखून पळल्या, मग वेग मोकळा सोडला. चौथीला घाटातच मागे टाकलं. पंधराव्या किलोमीटरला तिसरी शंभर पावलांवर होती.

सतरा किलोमीटरनंतर मांड्या गेल्या. दम होता, टाचा ठीक होत्या, पण मांडीचे पुढचे स्नायू धरून आले आणि पाऊल आखूड झालं. तिसरी पुन्हा धुक्याआड गेली. बाईंनी शर्यत संपवली २ तास ४१ मिनिटांत, चौथ्या क्रमांकानं. तिसरी तीन मिनिटं पुढे होती.

निकाल

दुसऱ्या दिवशी टाचांचा आकडा दोन, तिसऱ्या दिवशी एक. चार महिन्यांपूर्वी जिना उतरू न शकणाऱ्या कंडरेसाठी हे मला फार मोठं वाटतं. मांड्या मात्र पाच दिवस दुखत राहिल्या. खुर्चीवरून उठताना बाई टेबलाला धरून उठत.

बाईंना चौथा क्रमांक लागला. आठवडाभर त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "चढावर चालले म्हणून गेलं." हिशेब मांडून पाहिला तर तसं दिसत नाही. उतार मागच्या वर्षीसारखा १ तास ८ मिनिटांत झाला असता तर एकूण वेळ २ तास ३७ झाली असती, म्हणजे चालूनही तिसरीच्या पुढे. अर्थात तिसऱ्या बाईंकडे किती जोर शिल्लक होता ते आपल्याला कसं कळणार.

आता पाहता काय वेगळं करता आलं असतं

घाट बंद केला तेव्हा चढाबरोबर उतारही बंद झाला. कंडरेला धोका चढाचा होता. उताराची तयारी वेगळी चालू ठेवता आली असती. सरांनी दुचाकीवरून यवतेश्वरला सोडायचं आणि बाईंनी सावकाश खाली पळत यायचं, आधी एक किलोमीटर, मग दोन. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्याची सवय काही थोड्या सरावांनीही लागते आणि ती कित्येक आठवडे टिकते. आम्ही एका दुखण्याला इतकं जपलं की बाईंचा सगळ्यांत भक्कम भाग तयारीविना राहिला.

दुसरं, कसोटी थोडक्यात हुकली तर काय करायचं हे मे महिन्यातच लिहून ठेवायला हवं होतं. १५ ऑगस्टला जे ठरलं ते चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या खोलीत आम्हा सगळ्यांना शर्यत हवी होती, आणि अशा वेळी सोयीचं कारण लवकर सापडतं. उजव्या पायाची कसोटी दुखण्यानं हुकली असती तरी आम्ही असंच काही शोधलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनात आहे.

आणि औषधाचं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कुणीतरी चिठ्ठ्या पाहिल्या असत्या, तर तो काळ टाचपट्टी आणि वेदनाशामकांत गेला नसता. दोन्ही टाचा एकदम दुखू लागल्या आणि त्याआधी काही महिन्यांत प्रतिजैविक घेतलेलं असेल, तर ते नाव डॉक्टरांना आपणहून सांगा. गोळ्या चालू असतानाच दुखू लागलं, तर पळणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. औषध बदलायचं की नाही ते तेच ठरवतील. बाईंनी आता पाकिटात एक कार्ड ठेवलंय. बीपीच्या गोळीचं नाव, टाळायच्या औषधांचा गट, आणि खाली स्वतःच्या अक्षरात: मी पळते.

मुंबईची नोंदणी केलेली नाही. हिवाळाभर दर दुसऱ्या बुधवारी सर त्यांना यवतेश्वरला सोडतात आणि त्या उतरत येतात. उजव्या पायाच्या टाच उचलण्याचा आकडा फेब्रुवारीत अठरा झाला.